न्यू जर्सीत गाडीचा विमा आणि अपघाताचा दावा: नव्याने आलेल्यांसाठी

एडिसन, पार्सिपनी किंवा जर्सी सिटीत नव्याने राहायला आलेलं कुटुंब गाडीचा विमा घेतं ते बहुधा डीलरच्या टेबलाशी बसून, मोबाइलवर. दोन-तीन कंपन्यांचे प्रीमियम ताडून पाहिले जातात, सगळ्यात स्वस्त असेल त्यावर बोट ठेवलं जातं आणि गाडी घेऊन मंडळी घरी येतात. त्या स्वस्ताईत आपण काय सोडून दिलं हे कळतं ते कुणीतरी मागून धडक दिल्यावर, एमआरआय झाल्यावर आणि वकिलाने पहिलाच प्रश्न विचारल्यावर: तुमच्या पॉलिसीत लॉसूटचा, म्हणजे कोर्टात दावा करण्याच्या हक्काचा, कोणता पर्याय निवडलाय?

म्हणून या लेखाचा निम्मा भाग अपघाताच्या आधीचा आहे. उपचारांचे पैसे कोण देणार, वेदनांची भरपाई मागता येणार की नाही, समोरच्याकडे पुरेसा विमा नसेल तर काय, यांतलं बरंचसं न्यू जर्सीत पॉलिसी घेतानाच ठरून जातं. अपघातानंतर ते बदलता येत नाही.

भारतातून येताना डोक्यात असलेला हिशेब इथे चालत नाही. तिकडे जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो, आणि गाडीला वैध थर्ड पार्टी विमा असेल तर न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई सहसा विमा कंपनीच भरते. इथे कंपनी पॉलिसीवर छापलेल्या आकड्यापर्यंतच भरते. त्यापुढची रक्कम चूक करणाऱ्याच्या बचतीतून, पगारातून किंवा घरातून वसूल होऊ शकते. शिवाय हे सगळे नियम राज्याराज्याचे आहेत. न्यूयॉर्कमधल्या मावसभावाने प्रेमाने दिलेला सल्ला हडसन नदी ओलांडली की चुकीचा ठरू शकतो.

पायरी १: पॉलिसीवरचे आकडे वाचायला शिका

विमा कंपनी जे पहिलं पान देते त्याला डेक्लरेशन पेज म्हणतात. त्यावर ‘बॉडिली इंज्युरी’समोर दोन आकडे असतात. १ जानेवारी २०२६पासून काढलेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या स्टँडर्ड पॉलिसीत ते कमीत कमी ३५,००० आणि ७०,००० डॉलर असावे लागतात. त्याआधी, २०२३पासून, हीच किमान मर्यादा २५,००० आणि ५०,००० होती. पहिला आकडा एका जखमी व्यक्तीसाठी, दुसरा त्या अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून. तिसरा आकडा ‘प्रॉपर्टी डॅमेज’चा, म्हणजे दुसऱ्याची गाडी, कुंपण, खांब यांच्या नुकसानीचा, तो किमान २५,००० डॉलर.

हे सगळे पैसे दुसऱ्यांसाठी आहेत, तुमच्या चुकीने त्यांना इजा झाली तर. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी ‘कोलिजन’ आणि चोरी, गारा, पडलेलं झाड, समोर आलेलं हरीण यांसाठी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ वेगळं घ्यावं लागतं. कायद्याने ही दोन्ही ऐच्छिक आहेत, पण गाडी कर्जावर किंवा लीजवर असेल तर बँक ती घ्यायला लावतेच.

किमान मर्यादेवर थांबू नका. एक शस्त्रक्रिया आणि सहा महिन्यांचा बुडालेला पगार एवढ्यात ३५,००० डॉलर कधीच मागे पडतात. दोघं कमावते असतील, घर घेतलं असेल किंवा घेण्याचा विचार असेल, तर १ लाख / ३ लाख ही आम्हाला वाजवी सुरुवात वाटते, आणि जमलं तर २.५ लाख / ५ लाख. वरची मर्यादा घेतल्याने प्रीमियम त्या प्रमाणात वाढत नाही. दोन्हींचे कोट शेजारी ठेवून पाहा. मालमत्ता बरीच असेल तर १० लाखांची अम्ब्रेला पॉलिसी, म्हणजे गाडीच्या पॉलिसीची मर्यादा संपल्यावर वरची भरपाई देणारी वेगळी पॉलिसी, विचारा. त्यासाठी गाडीच्या पॉलिसीत आधी वरच्या मर्यादा असाव्या लागतात.

‘बेसिक पॉलिसी’ नावाचा आणखी स्वस्त प्रकार न्यू जर्सीत मिळतो. त्यात दुसऱ्याच्या इजेसाठी मुळात काहीच नसतं (पैसे भरून १०,००० डॉलर जोडता येतात), प्रॉपर्टी डॅमेज फक्त ५,०००, विमा नसलेल्या गाडीने ठोकलं तर संरक्षण नाही आणि दावा करण्यावरची मर्यादा (पायरी ३ पाहा) आपोआप लागू. कायद्याने चालते, पण कुटुंब असलेल्या कुणीही ती घेऊ नये असं आमचं ठाम मत आहे.

विम्याशिवाय गाडी चालवणं हा तर सगळ्यात महाग पर्याय. पहिल्या गुन्ह्याला ३०० ते १,००० डॉलर दंड, समाजसेवेची शिक्षा आणि एक वर्षापर्यंत लायसन्स निलंबित होण्याची शक्यता. दुसऱ्यांदा सापडलात तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि १४ दिवस तुरुंग. पण खरी शिक्षा वेगळीच आहे. स्वतःच्या विमा नसलेल्या गाडीत असताना तुम्हाला कुणी धडक दिली, चूक शंभर टक्के त्याची असली, तरी न्यू जर्सीच्या कायद्यानुसार तुम्ही त्याच्यावर दुखापतीचा दावा करू शकत नाही. बुडालेला पगारही मागता येत नाही. क्रेडिट कार्ड बदललं, ऑटो-पे अडकला, कंपनीची पत्रं जुन्या पत्त्यावर गेली आणि पॉलिसी रद्द झाली, असं घर बदलणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत होतं. पत्ता बदलला की पहिल्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवा. दुसऱ्या राज्यातून आला असाल तर लायसन्स आणि गाडीची नोंदणी ६० दिवसांत इथली करून घ्या आणि विमाही न्यू जर्सीचाच काढा. गाडी रोज एडिसनला उभी आणि पॉलिसी टेक्सासच्या पत्त्यावर, हे क्लेमच्या वेळी हमखास अडचणीत आणतं.

पायरी २: उपचारांचे पैसे तुमच्याच पॉलिसीतून येतात

न्यू जर्सी हे ‘नो-फॉल्ट’ राज्य आहे. चूक कुणाचीही असो, जखमींच्या उपचारांचा खर्च आधी त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या विम्यातून होतो. या भागाला ‘पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन’, बोलताना पीआयपी, म्हणतात.

पीआयपीची मूळ मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. प्रीमियम कमी करण्यासाठी ती दीड लाख, ७५,०००, ५०,००० किंवा १५,००० पर्यंत खाली आणता येते. ऑनलाइन फॉर्मवर ‘१५,०००’ निवडलं की दरमहाचा आकडा लगेच उतरतो आणि माणूस खूश होतो. अमेरिकेत अॅम्ब्युलन्स, इमर्जन्सी रूम, सीटी स्कॅन आणि दोन रात्री हॉस्पिटल एवढ्यात १५,००० संपू शकतात. फिजिओथेरपीपर्यंत पैसे पोचतच नाहीत. मेंदूला किंवा मज्जारज्जूला गंभीर इजा झाली तर कमी मर्यादा निवडली असूनही अडीच लाखांपर्यंत खर्च मिळतो, ही सोय कायद्यात आहे. पण खांदा, गुडघा, कमरेची डिस्क या नेहमीच्या दुखापती त्यात बसत नाहीत.

काही वेगळं निवडलं नसेल तर पहिले २५० डॉलर तुमचे, आणि त्यापुढे ५,००० डॉलरच्या बिलापर्यंत २० टक्के तुमचे. बाकी कंपनीचं. हा पहिला तुमचा हिस्सा, म्हणजे डिडक्टिबल, २,५०० पर्यंत वाढवता येतो.

फॉर्मवर इथे खूण करायचा आणखी एक चौकोन असतो: ‘हेल्थ इन्शुरन्स प्रायमरी’. म्हणजे उपचारांचा खर्च आधी नोकरीच्या आरोग्य विम्यातून आणि मग पीआयपीतून. प्रीमियम कमी होतो म्हणून तो पटकन निवडला जातो. निवडण्याआधी कंपनीच्या एचआरला लेखी विचारा की आपला आरोग्य विमा गाडीच्या अपघाताचा खर्च आधी देतो का. अनेक मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या निधीतून चालणाऱ्या योजना तो देत नाहीत, किंवा देतात आणि नंतर तुमच्या भरपाईतून परत मागतात. एच-वन-बीवर नोकरी बदलताना मधले काही आठवडे आरोग्य विमा नसला तर हा पर्याय अंगाशी येतो. मेडिकेअर किंवा मेडिकेड हा सरकारी आरोग्य विमा असलेल्यांना तो निवडताच येत नाही.

पीआयपी गाडीमागे नाही, माणसामागे जातं. तुमच्या नावावर पॉलिसी असेल तर मित्राच्या गाडीत बसून जाताना झालेल्या दुखापतीचाही खर्च तुमच्याच पॉलिसीतून होतो. पायी चालताना गाडीने उडवलं तरी तसंच. तुमच्याकडे गाडीच नसेल, तर एकाच घरात राहणाऱ्या नातेवाइकाची पॉलिसी पाहिली जाते. तीही नसेल तर ज्या गाडीत बसला होता तिची. रूममेट नातेवाईक धरला जात नाही. भारतातून चार महिन्यांसाठी आलेले आई-बाबा तुमच्या गाडीत असताना जखमी झाले तर त्यांचाही खर्च तुमच्या पीआयपीतून होतो. त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स असला तरी ही वाट आधी वापरा, कारण व्हिजिटर पॉलिसीत आधीच्या आजारांवरून वाद निघतात.

पायरी ३: तो एक चौकोन

न्यू जर्सीची स्टँडर्ड पॉलिसी घेताना ‘कव्हरेज सिलेक्शन फॉर्म’ भरावा लागतो. त्यात दोन पर्याय असतात: ‘लिमिटेशन ऑन लॉसूट’ आणि ‘नो लिमिटेशन ऑन लॉसूट’. काहीच निवडलं नाही तर पहिला धरला जातो. स्वस्त कोटात तर तो असतोच.

लिमिटेशन निवडलं म्हणजे वेदना, झोप उडणं, मुलाला उचलता न येणं, नेहमीचं जगणं आक्रसणं, या अमूर्त नुकसानीसाठी दुसऱ्या गाडीवाल्यावर दावा करण्याचा हक्क तुम्ही बहुतांशी सोडला. १९९८च्या कायद्याने याला सहा अपवाद ठेवले आहेत: मृत्यू, अवयव तुटणं, ठळक विद्रूपता किंवा मोठा व्रण, हाड मोडून जागेवरून सरकणं, पोटातला गर्भ दगावणं, आणि कायमस्वरूपी इजा. पहिल्या पाचांत वाद कमी. जवळपास सगळी लढाई सहाव्यावर होते.

कायमस्वरूपी म्हणजे शरीराचा तो भाग पूर्ववत काम करत नाही आणि पुढच्या उपचारांनीही करणार नाही. हे डॉक्टरने प्रमाणपत्रात लिहून द्यावं लागतं, आणि त्याला एमआरआय किंवा नसांची ईएमजी तपासणी अशा वस्तुनिष्ठ चाचणीचा आधार लागतो. नुसतं ‘मान दुखते’ पुरत नाही, मग ती खरोखर दोन वर्षं दुखत असली तरी. शिवाय आपल्याकडची तिशी-चाळिशीतली माणसं दिवसभर संगणकापुढे बसतात. विमा कंपनीचा डॉक्टर त्याच एमआरआयवर बोट ठेवून म्हणतो की ही डिस्कची झीज जुनी आहे, अपघाताची नाही. अशा दाव्यांचा पाय इथेच घसरतो. अपघाताआधी कधी कमरेवर उपचार घेतले असतील तर ते लपवू नका. जुने रिपोर्ट दाखवून आधी काय होतं आणि आता काय वाढलंय हे डॉक्टरकडून तुलना करून लिहून घ्या.

ही मर्यादा फक्त वेदनांच्या भरपाईला आहे. बुडालेला पगार मागता येतो. पीआयपीची मर्यादा संपल्यावर उरलेली वैद्यकीय बिलंही २०१९च्या कायद्यापासून मागता येतात. धडक देणारं वाहन मोठा ट्रक किंवा तसं व्यापारी वाहन असेल तर ही अट बहुधा आडवी येत नाही, म्हणून ‘माझं लिमिटेशन आहे, मग उपयोग नाही’ असं स्वतःच ठरवून गप्प बसू नका.

तुमची निवड तुमच्यापुरती राहत नाही. जोडीदाराला आणि घरात राहणाऱ्या मुलांना, त्यांच्या स्वतःच्या नावावर वेगळी पॉलिसी नसेल तर, तीच लागू होते. नवऱ्याने एकट्याने ऑनलाइन फॉर्म भरला, आणि शाळेच्या बसथांब्याजवळ गाडीची धडक बसलेल्या मुलीच्या दाव्याला तीच अट लागली, असं होऊ शकतं. दोघांनी मिळून भरण्याचा हा फॉर्म आहे. बजेट खरंच तंग असेल तर कोलिजनचा डिडक्टिबल वाढवून वाचलेले पैसे ‘नो लिमिटेशन’कडे वळवा. हजार डॉलरचं पत्र्याचं नुकसान सोसता येतं.

पायरी ४: समोरच्याकडे विमा नसेल किंवा पुरेसा नसेल तर

यूएम म्हणजे विमा नसलेल्या किंवा धडक देऊन पळालेल्या गाडीसाठीचं संरक्षण. यूआयएम म्हणजे समोरच्याचा विमा अपुरा पडला तर वरच्या रकमेसाठीचं. दोन्ही तुमच्याच पॉलिसीत असतात आणि तुमच्या बॉडिली इंज्युरीच्या मर्यादेपेक्षा जास्त घेता येत नाहीत. म्हणून पायरी १मधला आकडा मोठा घ्यायला हे आणखी एक कारण.

इथला हिशेब नीट समजून घ्या, कारण तो अनेकांना चकवतो. समजा तुमचं नुकसान २ लाखांचं आहे, समोरच्याची मर्यादा ३५,००० आणि तुमचं यूआयएमही ३५,०००. मग यूआयएममधून काहीच मिळत नाही. तुमची मर्यादा त्याच्यापेक्षा जास्त असेल तरच ते लागू होतं. तुमचं यूआयएम अडीच लाख असतं, तर त्याचे ३५,००० वजा करून उरलेल्या १,६५,००० साठी तुम्ही स्वतःच्या कंपनीकडे जाऊ शकला असता. एजंटला एवढंच सांगा: यूएम-यूआयएम माझ्या लायबिलिटीइतकंच, म्हणजे बॉडिली इंज्युरीच्या मर्यादेइतकंच, हवं.

नव्याने आलेल्या, गाडी नसलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला विमा नसलेल्या गाडीने उडवलं तर? त्यासाठी राज्यात एक निधी आहे. तो न्यू जर्सी प्रॉपर्टी-लायबिलिटी इन्शुरन्स गॅरंटी असोसिएशन चालवते. तिथे अपघातापासून १८० दिवसांत सूचना द्यावी लागते. विद्यार्थ्यांना हे सहसा माहीतच नसतं.

पायरी ५: अपघात झाला, आता रस्त्यावर

९११ लावा. कुणालाही इजा झाली असेल किंवा ५०० डॉलरपेक्षा जास्त नुकसान असेल तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि आजकाल साधा बंपरही ५०० डॉलरमध्ये होत नाही. पोलीस आले नाहीत किंवा त्यांनी रिपोर्ट केला नाही, तर १० दिवसांत तुम्ही स्वतः लेखी अहवाल पाठवायचा असतो. ‘आपसात मिटवू, पोलीस कशाला’ या बोलण्याला भुलू नका. समोरचा दुसऱ्या दिवशी हकीकत बदलतो, आणि रिपोर्ट नसला की तुमच्या हाती काही उरत नाही.

फोटो काढताना आधी लांबून: दोन्ही गाड्या, लेनच्या रेषा, सिग्नल, ब्रेकच्या खुणा. मग जवळून: धक्का बसलेली जागा, नंबर प्लेट, समोरच्याचं इन्शुरन्स कार्ड आणि लायसन्स. साक्षीदाराचा फोन नंबर स्वतः मागून घ्या, पोलीस घेतीलच असं नाही. जवळच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात काही आलं असेल तर त्याच दिवशी जाऊन विनंती करा, कारण अशी रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत पुसली जातात.

आपल्या सवयीने ‘सॉरी, सॉरी’ म्हणू नका. तब्येतीची विचारपूस जरूर करा, मदतही करा, पण चुकीबद्दल बोलू नका. पोलिसाने विचारलं तर दिसलं तेवढंच सांगा. वेगाचे आणि अंतराचे अंदाज सांगू नका. आणि दुखत असेल तर ‘आय ॲम फाइन’ म्हणू नका. ते रिपोर्टमध्ये लिहिलं जातं आणि पुढे दोन वर्षं तुमच्याविरुद्ध वाचलं जातं.

पायरी ६: पहिले दहा दिवस

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवा. मान आणि पाठ बऱ्याचदा २४ ते ४८ तासांनी आखडते. तीन आठवडे घरगुती उपायांवर काढले तर कंपनी म्हणते की दुखणं अपघाताचं नाही.

स्वतःच्या विमा कंपनीला लगेच कळवून पीआयपीचा क्लेम नंबर घ्या आणि प्रत्येक डॉक्टरकडे आधी तोच द्या, आरोग्य विम्याचं कार्ड नंतर. चुकीच्या विम्याला बिल गेलं की ते नाकारलं जातं, महिनाभर फिरतं आणि शेवटी वसुली एजन्सीचं पत्र घरी येतं. पहिल्या दहा दिवसांतल्या उपचारांना पूर्वमंजुरी लागत नाही. त्यानंतर एमआरआय, इंजेक्शन, फिजिओथेरपीची मोठी मालिका यांसाठी दवाखान्याने कंपनीकडून आधी मंजुरी घ्यावी लागते. ती न घेता उपचार केले तर कंपनी बिलाच्या निम्म्यापर्यंत रक्कम कापू शकते. दवाखान्याच्या बिलिंग डेस्कला दर वेळी स्पष्ट विचारा: प्री-सर्टिफिकेशन मिळालं का?

फिजिओथेरपी मधेच सोडू नका. कामाच्या धबडग्यात दोन महिन्यांचा खंड पडला की वकील पुढे काहीही सांगो, कागद सांगतो की तुम्ही बरे झाला होतात. भारतात जाऊन उपचार घेतले तर डॉक्टरची चिठ्ठी, तपासण्यांचे रिपोर्ट, पावत्या तारखेसह आणि इंग्रजीत जपून आणा.

समोरच्याच्या कंपनीचा अॅडजस्टर, म्हणजे क्लेम हाताळणारा माणूस, गोड आवाजात फोन करील आणि रेकॉर्डेड स्टेटमेंट मागेल. स्वतःच्या कंपनीला सहकार्य करणं पॉलिसीची अट आहे. समोरच्याच्या कंपनीला स्टेटमेंट देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. तो चेक पाठवील तेव्हा सोबतचा कागद वाचा. गाडीच्या नुकसानीचा चेक घेणं ठीक, पण ‘रिलीज’मध्ये, म्हणजे हक्क सोडल्याच्या कागदात, बॉडिली इंज्युरी हे शब्द दिसले तर सही करू नका. हजार-दीड हजार डॉलरसाठी अख्खा दावा तिथेच संपतो.

पायरी ७: मुदती

दुखापतीचा दावा अपघातापासून २ वर्षांच्या आत कोर्टात दाखल व्हायला हवा. विमा कंपनीशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ही मुदत थांबत नाही. कंपनी तेविसाव्या महिन्यापर्यंत छान बोलत राहू शकते. मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून २ वर्षं. जखमी व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर तिच्या अठराव्या वाढदिवसापासून २ वर्षं. गाडीच्या नुकसानीला ६ वर्षं मिळतात.

सगळ्यात धोक्याची मुदत मात्र ९० दिवसांची आहे. न्यू जर्सी ट्रान्झिटची बस, टाउनशिपचा कचऱ्याचा ट्रक, पोलिसांची गाडी, शाळा मंडळाची बस किंवा खराब राखलेला सरकारी रस्ता, यांपैकी कुणामुळे इजा झाली असेल तर त्या सरकारी संस्थेला ९० दिवसांत लेखी नोटीस द्यावीच लागते. ती चुकली तर असाधारण कारण दाखवून एक वर्षाच्या आत कोर्टाची परवानगी मागता येते, पण तीवर भिस्त ठेवू नका. सरकारी संस्थेकडून वेदनांची भरपाई मिळवायला अटही कडक आहे: शरीराच्या कार्याची कायमची हानी आणि ३,६०० डॉलरपेक्षा जास्त वैद्यकीय खर्च, दोन्ही लागतात.

पायरी ८: वकील, कोर्ट आणि तडजोड

वकील सुरुवातीला पैसे घेत नाहीत, मिळालेल्या रकमेतला वाटा घेतात. न्यू जर्सीच्या कोर्टाने त्याला कमाल मर्यादा घातली आहे: खर्च वजा जाता पहिल्या साडेसात लाखांवर एक तृतीयांश, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कमी. जखमी अल्पवयीन असेल आणि कोर्टात सुनावणी उभी राहण्याआधीच तडजोड झाली तर २५ टक्के. करार लेखी हवा. कोर्ट फी, तज्ज्ञ डॉक्टरांची फी, रेकॉर्ड काढण्याचा खर्च कोण भरणार आणि दावा हरलो तर तो कुणाच्या माथी, हे सही करण्याआधी विचारा. वकिलाने मागणी केली की समोरच्याच्या कंपनीला ३० दिवसांत पॉलिसीची मर्यादा सांगावी लागते. ही माहिती लवकर मिळाली की पुढचा मार्ग ठरतो.

चूक दोघांची असेल तर टक्केवारी लावली जाते. तुमचं नुकसान १ लाखाचं आणि चूक ३० टक्के, तर ७०,००० मिळतात. पन्नास-पन्नास असेल तरी निम्मे मिळतात. ५१ टक्के झाली की शून्य. सीटबेल्ट नव्हता हेही भरपाईतून कापायला कारण होतं, म्हणून मागच्या सीटवर बसलेल्या आई-बाबांनाही गाडी हलायच्या आधी बेल्ट लावायला सांगा. इथे कायद्यानेही तो लागतो.

दावा सुपीरियर कोर्टात दाखल झाला की समोरच्याला उत्तरासाठी ३५ दिवस मिळतात. तुमच्या पॉलिसीत लिमिटेशन असेल तर त्या उत्तरापासून ६० दिवसांत डॉक्टरचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. मग कागदपत्रांची देवाणघेवाण, शपथेवरची जबानी, समोरच्याच्या डॉक्टरकडून तपासणी. त्यानंतर कोर्टाने नेमलेल्या लवादापुढे सुनावणी होते. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत २०० डॉलर भरून जूरीपुढे खटला मागता येतो. बहुतेक दावे या सुमारास मिटतात.

मिटवताना दोन गोष्टी सांभाळा. यूआयएमचा क्लेम करायचा असेल तर समोरच्याकडून पैसे स्वीकारण्याआधी स्वतःच्या कंपनीला लेखी कळवून ३० दिवस थांबा. न कळवता सही केली तर यूआयएमचा हक्क जाऊ शकतो. आणि आरोग्य विमा किंवा मेडिकेअरने काही खर्च केला असेल तर ते किती परत मागणार याचा आकडा आधी लेखी मागवा, म्हणजे हातात खरोखर किती पडणार ते कळेल.

व्हिसा कोणताही असो, संपलेला असो, दावा करण्याचा हक्क त्यावर अवलंबून नाही. भारतात परत जावं लागलं तरी दावा चालू राहतो. मात्र जबानी आणि वैद्यकीय तपासणी तुम्हालाच द्यावी लागते, कुलमुखत्यारपत्रावर भाऊ ती देऊ शकत नाही. परतीचं तिकीट काढण्याआधी वकिलाला तारखा सांगा.

राज्य बदललं तर

नोकरीपायी न्यू जर्सीतून हलणारे बरेच असतात, म्हणून थोडक्यात. न्यूयॉर्कमध्येही नो-फॉल्ट आहे. तिथे मूळ संरक्षण ५०,००० डॉलर, पण अर्ज ३० दिवसांत करावा लागतो, आणि दाव्याची मुदत ३ वर्षं. पेनसिल्व्हेनियात दाव्याची निवड ‘फुल टॉर्ट’ की ‘लिमिटेड टॉर्ट’ या नावांनी समोर येते, आणि सक्तीचं वैद्यकीय संरक्षण फक्त ५,०००. फ्लोरिडात पीआयपी १०,००० आणि पहिला उपचार १४ दिवसांत घेतला नाही तर तेही नाही. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये नो-फॉल्ट नाही. ज्याची चूक त्याचा विमा भरतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून किमान मर्यादा ३०,००० / ६०,००० / १५,००० आहे, आणि तुमची चूक ८० टक्के असली तरी उरलेले २० टक्के मिळतात. व्हर्जिनिया, मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलिनात याच्या अगदी उलट: तुमची चूक थोडीशी जरी सिद्ध झाली तरी दावा बहुधा पूर्ण बुडतो. त्या राज्यांत राहायला जाणाऱ्यांनी गाडीत डॅशकॅम बसवून घ्यावा.